वीस वाट्या

पाचव्या खेपेलाही वाट्या रिकाम्याच निघाल्या. लाकडी पट्टीच्या खालच्या अंगाला ओळीनं चिकटवलेल्या वीस मेणाच्या वाट्या, करंगळीच्या नखाएवढ्या, आणि वीसही चाटूनपुसून लख्ख. काल दुपारी तिनं प्रत्येकीत एकेक अळी निजवली होती. एका दिवसाची, पापणीच्या केसासारखी, दुधाच्या थेंबावर तरंगणारी. मधमाशांनी ती धरली असती तर वाटीची भिंत वाढली असती, अळीला राणीचं खाणं मिळालं असतं आणि दहा दिवसांत आत राणीमाशी तयार झाली असती. पण धरतंय कोण!

"दाखव बघू," आत्या ओट्यावरून म्हणाली. तिनं पट्टी उंच धरली.

"हं. अळी कोरडी उचलली असशील."

"कोरडी नव्हती, आत्या."

"मग उलटी निजवली असशील. अगं बाई, बाळ उचलायचंय, बटाट्याचं साल नाही. हातच जड तुझा."

तिनं दात आवळले. दात हाच तिचा धंदा होता. बारा वर्षं ती दवाखान्यांसाठी मेणात दात कोरत होती, आणि अख्ख्या गावात तिच्याइतका हलका हात कोणाचा नाही असं डॉक्टर म्हणायचे. इथं मात्र अकरा दिवस झाले, आत्याचं एकच पालुपद. कधी हात जड, कधी साबणाला वास, कधी श्वास फार जवळून. तिनं साबण बदलला. श्वास रोखून काम केलं. आता फक्त जीव द्यायचा बाकी होता.

जिवावर बेतल्यासारखंच होतं सगळं. तिच्या गच्चीवरच्या तीन पेट्यांतल्या माशा विंचवाच्या जातीच्या. शेजारच्या म्हाताऱ्याचा डोळा सुजला, खालच्या मजल्यावरची पोरं खेळेनात, आणि गल्लीनं तिला बजावलं, महिनाअखेरीपर्यंत माशा शांत कर, नाहीतर पेट्या उचल. राणी-आई जशी, तशा पोरी. आत्याच्या माशा इतक्या गरीब की तोंडावर जाळी न घेता पेटी उघडावी. म्हणून आत्याच्या पेटीतल्या अळ्यांपासून राण्या वाढवून न्यायला ती रजा काढून आली होती. रजेचे अकरा दिवस उरले होते आणि राणी व्हायला दहा लागतात. आज अळ्या लागल्या तर लागल्या.

"एक तयार राणीच दे ना मला," परवा ती काकुळतीला येऊन म्हणाली होती.

"शिकायला आलीस ना? मग शीक."

त्यातही चीड आणणारी गोष्ट म्हणजे, वाट्या रिकाम्या निघाल्या की आत्याची कळी खुलायची. त्या दिवशी जेवणात हमखास गोड. मग तिच्या केसांना तेल लावत आत्या मागच्या पन्नास वर्षांच्या गोष्टी उकरून काढायची आणि उद्या काय करू गं जेवायला, असं तीनतीनदा विचारायची. दुसऱ्याचं नुकसान झालं की शिरा ढवळायला बसणारी बाई तिनं आजवर पाहिली नव्हती.

"बस झालं," ती पुटपुटली. अळ्या वाढवायला दिलेल्या पेटीचं झाकण तिनं उचललं आणि पोळ्याच्या कडेच्या चौकटीला हात घातला.

"ए! मधली सोडून बाकीच्यांना हात नको लावू. बिनराणीचं घर आहे, चिडेल!"

रोजच्याच सूचना. पण आज आवाजात टोमणा नव्हता. तिनं मान वर करून पाहिलं. आत्या ओट्यावरून उठली होती.

तिनं चौकट काढली. दुसरी काढली. तिसरी उन्हाकडे धरली आणि तिचे हात थांबले. घराघरात एकेक अंडं. उभं, ताजं, कालपरवाचं. या पेटीतली राणी तर अकरा दिवसांपूर्वी आत्यानं तिच्या डोळ्यांदेखत पकडून, जाळीच्या चिमुकल्या पिंजऱ्यात घालून घरात नेली होती. राणी नाही हे कळल्याशिवाय माशा नवी वाढवायला घेत नाहीत, हा पहिला धडा आत्यानंच शिकवला होता.

तिनं चौकट उलटी केली. मधोमध, लेकुरवाळ्या बाईसारखी सावकाश चालत, राणी निघाली होती. पाठीवर तोच नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका.

"आत्या! ही इथं कशी आली?"

आत्या पायऱ्या उतरून आली. तिनं दोन बोटांच्या चिमटीत राणीचे पंख धरले, पदराच्या गाठीतून तो पिंजरा काढला, राणी आत सोडली आणि पिंजरा भाचीच्या हातावर ठेवला.

"तुझ्याजवळ ठेव. माझ्याकडे नको."

"अगं, पण..."

"चार वाजेपर्यंत त्यांना कळेल, घरात कोणी नाही ते. मग वाट्या लाव. धरतील."

"धरतील? आणि माझा हात जड आहे, त्याचं काय?" तिचा आवाज चढला. "अकरा दिवस मी मूर्खासारखी..."

आत्यानं चौकटी एकेक करून जागेवर सरकवल्या. शेवटची नीट बसेना. तिनं ती तशीच सोडली.

"पहिल्या संध्याकाळी मी बघायला आले होते," ती पेटीकडे बघतच म्हणाली. "वीसच्या वीस धरल्या होत्या."

"मग?"

"मग काय गं. दहाव्या दिवशी तू गेली असतीस."