सात नंबरचा जॉइंट

महेंद्रने फिल्म पुन्हा एकदा उजेडाच्या पेटीवर धरली. जॉइंटच्या पोटात बोटभर काळी रेघ होती. वेल्डिंगचा मळ, म्हणजे स्लॅग, आत अडकला की एक्स-रेत अशीच रेघ उमटते. रेघेबद्दल वाद नव्हता. वाद नंबराबद्दल होता आणि तो महेंद्रचा स्वतःशीच चालला होता.

कोरेगाव भीमाजवळच्या त्या कंपनीत पत्र्याचे गोल शेल जोडून बॉयलर बनत. जॉइंट पुरा झाला की वेल्डरने त्याच्या शेजारी पत्र्यावर पोलादी पंचाने आपला नंबर ठोकायचा, ही तिथली रीत. नंबर म्हणजे त्या माणसाची सही. या जॉइंटशेजारी सात ठोकलेला होता आणि सात म्हणजे चांगदेव आप्पा.

आप्पा शनिवारी निवृत्त होणार होते. सव्वीस वर्षांत त्यांचा एकही जॉइंट नापास झाला नव्हता. साहेब बदलले, युनियन बदलली, कँटीनचा चहा होता तेवढाच वाईट राहिला, आणि सात नंबर पास होत राहिला. महेंद्र तपासणी खात्यात ट्रेनी म्हणून आला तेव्हा वेल्डिंग कसं बघायचं हे त्याला आप्पांनीच शिकवलं. त्याच्या लग्नात तर ते घरचं कार्य असल्यासारखे वाढायला उभे राहिले होते.

हल्ली आप्पांचा एक डोळा अधू झाला होता. तेच नडलं असणार, असं महेंद्रला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"आप्पा, मधल्या शेलची फिल्म आली. सात नंबरची."

"मग?"

"रेघ हाय."

आप्पांनी भाकरी कालवणात चुरली. "लिही की मग."

"पण शनिवारी तुमचा..."

"शनिवार त्याच्या जागी. खराब हाय तर खोदायचा आन् परत भरायचा. का बॉयलर फुटल्यावर लिवनार हायेस?"

"डोळ्यानं दगा दिला का, आप्पा?"

"व्हय, म्हातारा झालो. लिही, आन् आजच लिही. उद्या मी फंडाच्या कागदांसाठी शिरूरला चाललोय."

स्वतःच्या सव्वीस वर्षांवर म्हातारा इतक्या शांतपणे पाणी सोडत होता, आणि ते लिहायचं महेंद्रच्या हाताने. त्याला ते सहन होईना.

आप्पांच्या शेजारच्या जागेवर संघर्ष नावाचा पोरगा काम करायचा. निमोण्याचा, ठेक्यावरचा वेल्डर, नंबर एकतीस. ठेक्यावरच्या माणसाचे महिन्यात तीन जॉइंट नापास झाले की त्याचा पंच जमा आणि गेट बंद. संघर्षचे दोन झालेले होते.

महेंद्रला हे ठाऊक होतं. संघर्ष तरणा आहे, त्याने मनाशी म्हटलं. रांजणगावला रोज नवी कंपनी उघडतेय, कुठंही लागेल. आप्पांना मात्र त्यांची सव्वीस वर्षं पुन्हा कोण देणार? माणसाला वाईट काम करायचं असलं की कारणं कशी भराभर सापडतात.

पाळी बदलताना शेड दहा मिनिटं रिकामी असते. महेंद्रने तेवढ्यात सातवरून ग्राइंडर फिरवला, पत्रा गुळगुळीत केला आणि तिथं स्टोअरमधल्या सुट्या पंचांनी तीन आणि एक ठोकले. मग रिपोर्ट लिहिला: जॉइंट नापास, दुरुस्ती करणे, वेल्डर एकतीस. बॉयलरशी आपण बेइमानी केली नाही, एवढं समाधान त्याने स्वतःला देऊ केलं. ते काही नीट घशाखाली उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर बाळासोंनी संघर्षला बोलावलं. महेंद्र तयारीत होता. आपला जॉइंट कुठला हे कुठलाही वेल्डर अंधारातही सांगेल; हा आता आकाशपाताळ एक करणार. संघर्ष मात्र वाकून त्या नंबराकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आप्पांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "माझाच हाय."

त्याने पंच टेबलावर ठेवला, डबा घेतला आणि गेला. ठेक्यावरच्या माणसाची उलटं बोलायची सवयच मोडलेली असते, अशी महेंद्रने मनाची समजूत घातली. तरी त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी शाल झाली, नारळ झाला. साहेब खड्या आवाजात म्हणाले, "सव्वीस वर्षं, आणि एकही जॉइंट नापास नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. महेंद्रने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. या एका क्षणासाठीच त्याने ते सगळं केलं होतं.

आप्पा हसले नाहीत. ते गोंधळल्यासारखे साहेबांकडे बघत राहिले. मग त्यांनी बाळासोंना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, बाळासोंनी मान हलवत सांगितलं. आप्पा शाल अंगावर तशीच ठेवून तडक शेडमध्ये शिरले. महेंद्र त्यांच्यामागे गेला.

आप्पा मधल्या शेलपाशी वाकले होते.

"आप्पा, चला की. फोटो काढायचाय."

आप्पांनी मान वर केली नाही. "संघर्षची बायको शिरूरच्या दवाखान्यात पडलीय. तीन रात्री जागून कामाला आलता, उभ्या उभ्या डोळं मिटत हुतं. मीच म्हनलं, ह्यो तिसरा नापास तुझ्या नावावर नगं. मला जाताना एक डाग लागला तर काय बिघडतंय?" त्यांनी गुळगुळीत पत्र्यावरून अंगठा फिरवला. "त्याच्या जॉइंटवर सात मी माझ्या हातानं ठोकला हुता, महेंद्र. हा एकतीस कुनी ठोकला?"