धरलं ते सोडायचं

“उठवलंस ना त्याला? मग ‘आता झोप’ कोण सांगणार, तुझा काका?”

तिने भर ऑफिसात विचारलं, तसे सगळे हसले. शेजारच्या टेबलावरच्या पंडितचे कान लाल झाले. फोनमधला कॅमेरा लागेल तेव्हा जागा करायचा आणि काम संपलं की झोपवायचा, एवढंच त्याने लिहिलेल्या प्रोग्रामचं काम. नियम साधा: ज्या प्रोग्रामने उठवून धरलं, त्यानेच सोडायचं. एकानेही धरून ठेवलं, तर कॅमेरा झोपत नाही, नुसता जागत बॅटरी खातो. फोटो निघाला की पंडितचा प्रोग्राम इमानाने सोडायचा. पण फोटो निघालाच नाही, तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा, आणि सोडायचं राहून जायचं. चाचणीचे फोन खिशात तव्यासारखे तापत होते.

“कामच झालं नाही गं,” तो पुटपुटला, “म्हणून सोडायचं ध्यानात आलं नाही.”

“काम होवो न होवो. धरलं ते सोडायचं.”

हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते फळ्यावरही लिहिलं. लिहिता लिहिता तिचा फोन वाजला. दवाखान्यातून निरोप होता, आज डॉक्टर येणार नाहीत, बाळाची लस उद्या. बरं म्हणून तिने फोन ठेवला आणि राहिलेला शब्द पूर्ण केला.

संध्याकाळी तिने घराचं दार उघडलं. दाराशीच खुर्चीवर आई बसली होती. पायांत चपला, एका खांद्याला बाळाची पिशवी, दुसऱ्यावर झोपलेलं बाळ. हातातल्या फोनची स्क्रीन विझू नये म्हणून ती अंगठा फिरवत होती. मान पेंगून पुढे झुकत होती आणि दचकून वर येत होती.

तिला सकाळचं आपलंच बोलणं आठवलं. ऑफिसातून निघाले की फोन करते, तयार राहा, आणि आडवी होऊ नकोस हं, झोपेत तुला फोन ऐकू येत नाही. दुखऱ्या कंबरेवर हात ठेवून आईने मान डोलावली होती.

धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं. तोंडून निघालं ते मात्र पंडितचंच वाक्य.

“डॉक्टरांचं रद्द झालं गं आई, म्हणून सांगायचं... ध्यानात आलं नाही.”

आईने ना कपाळाला आठी घातली, ना टोमणा मारला. बाळ तिच्या हातात देत तिने हळूच विचारलं,

“मग आता जरा पाठ टेकू का मी?”