तुळजाबाईंची परीक्षा

कल्याणबुवा गुरुवारी पोथी घेऊन पारावर येणार आणि तुम्हाला सगळ्यांसमोर प्रश्न विचारणार, असा निरोप शेजारच्या कांताबाईंनी आणला, तेव्हा तुळजाबाई ओसरीवर मोबाईल कानाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी व्हिडिओ पुरता ऐकला, मगच "येऊ द्या" म्हणाल्या.

तुळजाबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. साठी ओलांडल्यावर नात शालूनं जुना मोबाईल हातात दिला आणि कुठं बोट लावायचं ते दाखवलं. भाज्यांचे, फवारणीचे व्हिडिओ बघता बघता एक मास्तर सापडले. एका मिनिटात गीतेचा एक श्लोक आणि त्याचा अर्थ, साध्या बोलीत. जन्मभर कानांवरून गेलेल्या शब्दांत एवढं काही भरलेलं असेल, हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. एकच व्हिडिओ त्या दहादा ऐकत आणि कापूस वेचताना तोच मनात घोळवत.

हळूहळू दुपारी मारुतीच्या पारावर बायका जमू लागल्या. तुळजाबाई कालचा श्लोक सांगत, बायका आपापल्या घरातले दाखले देत. हसणंही पुष्कळ व्हायचं. टेंभुर्णीत एवढं सुख आपल्या वाट्याला येईल असं बाईंना कधी वाटलं नव्हतं.

इकडे बुवांच्या संध्याकाळच्या पोथीला माणसं कमी झाली.

बुवांचा मान मोठा. पोथी तीन पिढ्यांची. वाचता वाचता वीज गेली तरी त्यांचं वाचन अडत नसे, इतकी ती अंगात मुरलेली, असं गाव कौतुकानं सांगे. तुळजाबाईंनी एकदा त्यांना अर्थ विचारला होता. अर्थ विचारायचा नसतो, ऐकून घ्यायचं असतं, असं बुवा तेव्हा म्हणाले होते.

"आई, कशाला हसं करून घेऊन राह्यलीस?" मुलगा रामप्रसाद म्हणाला. बाईंनाही धाकधूक होतीच. बुवांनी नको म्हटलं तर दुपारचं पारावरचं बसणं बंदच होणार होतं. तरी धुतलेलं लुगडं नेसून त्या गेल्या.

पार भरला होता. बुवांनी चष्मा लावला, पोथी पाटावर ठेवली.

"फळाची आशा धरू नये म्हणतात. मंग शेतकऱ्यानं पेरावं का न्हाई?"

"पेरावं, निंदावं, राखण करावी. पाऊस आपल्या हातात न्हाई, एवढं ध्यानात ठेवावं."

बायकांनी माना डोलावल्या. दुसरा प्रश्न आत्म्याचा होता. तोही बाईंनी आपल्या परीनं सोडवला. बुवा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला.

"अर्थ न कळता नुसतं पाठ करून म्हणलेलं देवाला पोचतं का?"

टोला व्हिडिओ ऐकून सांगणाऱ्या बाईंनाच आहे, असं सगळ्यांना वाटलं. तुळजाबाईंचा चेहरा उतरला.

"ते अजून माझ्या व्हिडिओत आलं न्हाई, बुवा. जेवढं आलं तेवढंच मी सांगते."

बुवांनी पोथी उघडली नाही. बाईंचं बराबर आहे, त्यांना बोलू द्या, एवढं लोकांना सांगून ते उठले. बायकांचे चेहरे उजळले. तुळजाबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला.

सगळे पांगल्यावर त्या सतरंजी गुंडाळत होत्या. पाहतात तो बुवा परत येऊन उभे. त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत आलं की निरोप धाडा, असेन तिथून येईन, असं ते हळू आवाजात म्हणाले.

तुळजाबाईंना नवल वाटलं. "तुमच्या पोथीत असंलच की, बुवा. वाचून बघा."

बुवांनी रिकाम्या पारावर एकदा नजर फिरवली.

"बापानं पाठ करून घेतलं तेवढंच येतं, बाई. अक्षर मला एकबी कळत न्हाई."