शेवटचा काप

मेणाच्या ठोकळ्यात साखराबाईच्या गाठीचा तुकडा आता मुगाएवढा उरला होता. डॉ. कौसल्या शेळके ठोकळा हातात धरून काप घ्यायच्या यंत्रापुढे थबकल्या.

साखराबाईची गर्भाची पिशवी काढली ती श्रावणात, इथेच जालन्यात. तपासणीला इवलासा तुकडा कौसल्याबाईंकडे आला, बाकीचं दवाखान्यानं जाळून टाकलं. गाठ विचित्र निघाली. निम्म्या पेशी पिशवीच्या अस्तरासारख्या, निम्म्या मांसासारख्या. दोन वेगळ्या गाठी एकमेकींत घुसल्या होत्या, की एकाच पेशीनं दोन सोंगं घेतली होती? ते ठरल्याशिवाय औरंगाबादचे कॅन्सरचे डॉक्टर औषध सुरू करायला तयार नव्हते. मुंबईच्या प्रयोगशाळेत कापांवर खुणेचे रंग चढवायचे. कोणत्या पेशी कोणता रंग धरतात, त्यावरून त्यांचं मूळ कळायचं. दोनदा काप पाठवले, दोनदा 'रंग धरला नाही' असं उत्तर आलं. घोडं इथंच पेंड खात होतं.

साखराबाईचा नवरा धुळाजी, मंठ्याकडचा मेंढपाळ, दर बाजाराला जीपनं यायचा. बाकडं रिकामं असलं तरी दाराशी उकिडवा बसायचा. आधी तो रिपोर्ट मागायचा. दिवाळीपासून त्याचा पहिला प्रश्न बदलला होता.

"म्याडम, तुकडा नीट हाय ना?"

"आहे. साखराबाई कशा आहेत?"

"बरी हाय."

"जेवतात का?"

"तुम्ही तुमचं काम करा म्याडम. तेवढं संबाळा फक्त."

माणूस शहाणा झाला, घाई करून उपयोग नाही हे त्याला उमगलं, असं कौसल्याबाईंना वाटलं. एरवी नातेवाईक रिपोर्टसाठी भांडत; हा आपला दुसऱ्याच्या कळपात ठेवलेल्या कोकरासारखी तुकड्याची चौकशी करायचा. त्यांना त्याची माया वाटू लागली होती. सगळी नोकरी काचपट्टीवर माणसं बघण्यात गेली, आणि बहुतेकांचं उत्तर मरणच निघालं. एक तरी बाई आपल्या हातून वाचावी, असं त्यांना फार वाटत होतं.

थोडा तुकडा राखून ठेवायचा, हा नियम. पण बाईच गेली तर राखून करायचं काय? त्यांनी ठोकळा यंत्राला लावला आणि होता तेवढा सगळा कापला.

आठवड्यानं मुंबईहून फोन आला. या खेपेला रंग धरला होता. दोन्ही पेशींचं मूळ एकच, अस्तराचं. औषध ठरलं. त्या औषधानंही फार तर एखादं वर्ष मिळणार होतं. पण वर्ष म्हणजे वर्ष. कौसल्याबाईंनी त्याच दिवशी औरंगाबादला कळवून साखराबाईसाठी खाट धरून ठेवली.

बाजाराच्या दिवशी धुळाजी आला तो कोरं पांढरं फडकं खांद्यावर टाकून.

"धुळाजी, मूळ सापडलं! उद्याच औरंगाबादला न्यायचं त्यांना."

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मंग तुमचं काम सरलं का म्याडम?"

"सरलं."

"मंग तुकडा द्या."

"तो आता नाही राहिला. शेवटचा काप काढला तेव्हाच संपला. अहो, तुकड्याचं काय घेऊन बसलात? बाईंना आणा."

धुळाजीनं खांद्यावरचं फडकं काढून पुढ्यात ठेवलं.

"ती दसऱ्यालाच गेली, म्याडम," तो म्हणाला. "दहाव्याला कावळा शिवला न्हाई. जाणते म्हणले, तिचं काईतरी मागं राह्यलं, ते अग्नीला देल्याबिगर ती सुटायची न्हाई. मेली म्हणून कळलं तर तुम्ही तुकडा फेकून देसाल, म्हणून मी बरी हाय, बरी हाय करून राह्यलो."