दुसऱ्या रांगेतली पूर्वा

नोमानने मोबाईल टीव्हीला जोडला आणि शाळेच्या गॅदरिंगमधला नाच मोठ्या पडद्यावर सुरू झाला. बारा मुली, एकसारख्या हिरव्या साड्या, गालांवर एकसारखी लाली.

बारक्या आणि त्याची बायको सोमी भिवंडीतल्या नोमानच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात स्टुलांवर बसून बघत होती. अंबाडीच्या पुढच्या पाड्यावरून दोघं सकाळच्या एसटीने आली होती. त्यांची पूर्वा नऊ वर्षांची होऊन दिवाळीनंतर तापाने गेली. आधारकार्डावरचा फोटो ती दोन वर्षांची असतानाचा. त्यानंतरचा म्हणून गुरुजींनी लांबून घेतलेला हा एवढा व्हिडिओ.

"दुसऱ्या रांगेत हाय," बारक्या म्हणाला. "तेवढा तोंड साफ करून द्या. फोटो करायचाय."

नोमानने चित्र थांबवलं. मागचे चेहरे म्हणजे नुसते तपकिरी ठिपके होते. त्याने आधी चित्रातले दाणे कमी केले. चेहरे मळलेल्या पिठासारखे गुळगुळीत झाले. मग तो शार्पनेस एकेक आकडा वाढवत गेला. केस कपाळापासून सुटले, नाकाची रेघ उठली, पदराभोवती पांढरी कड आली.

"काका, याच्यापुढे नाही जाणार," शेजारच्या कापडाच्या लूमच्या आवाजावर तो मोठ्याने म्हणाला. "हे फक्त कड उठवतं. कॅमेऱ्याने जे घेतलंच नाही, ते मी कुठून आणू?"

"बस झाला. दिसते." बारक्या उठला आणि त्याने डावीकडून तिसऱ्या मुलीवर बोट ठेवलं. "ही."

सोमी जागची हलली नाही. "ती न्हाय. पाचवी."

"पाचवी कशी? हिचा कपाळ बघ."

"येणी मी घातली व्हती तिची."

"येण्या सगल्यांच्या सारख्याच हायत."

दोघांपैकी कुणाचाही आवाज चढला नाही. नोमानने शार्पनेस उतरवला, पुन्हा चढवला. व्हिडिओ थोडा पुढे नेला, मागे आणला. मुलींनी गिरकी घेतली, टाळी वाजवली, परत तशाच उभ्या राहिल्या.

बारक्याचं बोट काचेवरून खाली आलं. "आता पाचवी बी वाटते," तो म्हणाला.

सोमी आता तिसऱ्या मुलीकडे बघत होती. तिने पदराने तोंड पुसलं. डोळे कोरडे होते.

गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, त्याला नोमानने हातानेच थांबवलं.

"काकी, कुठली काढू?"

"दोघींचा काढ."

त्याने पडद्यावर चौकट ओढली, लहान केली, परत मोठी केली. तिसरी आणि पाचवी एकत्र घ्यायच्या तर जमत नव्हतं.

"मधली पण येते," तो म्हणाला.

"येऊ दे तिला बी," सोमी म्हणाली.