उसंत

“बसू का?”

छोट्यानं विचारलं आणि ताई गोंधळली. खोलीतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चाळिशी उलटली तरी तिच्या या भावानं आजवर कुणाला बसू का म्हणून विचारलं नव्हतं. तो धपकन बसायचा. खुर्चीवर, पायरीवर, एकदा तर पाहुण्यांच्या पिशवीवर.

“बस की,” ती म्हणाली. मगच तो बसला.

तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेवढ्यापुरतं तिनं त्याला या केंद्रात ठेवलं होतं. छोट्यासारख्या माणसांना इथं काही दिवस सांभाळत, घरच्यांना जरा उसंत मिळावी म्हणून. आज ती त्याला न्यायला आली होती.

“आता स्वतःच्या हातानं जेवतात,” केंद्रातल्या बाई म्हणाल्या. “शर्टाची बटणंही स्वतः लावतात.”

जेवतात? लावतात? ताईला क्षणभर कळेना, कुणाबद्दल चाललंय. छोट्याला अहोजाहो करणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

“रात्री उठला असेल ना सारखा?”

“छे. एकदा झोपले की सकाळीच.”

घरी तो रात्रभर येरझाऱ्या घालायचा. ताईनं धीर करून विचारलं, “झोपेची गोळी वगैरे…?”

“तुम्ही दिलेल्याच गोळ्या दिल्या. बाकी काही नाही.” बाईंना राग आला नव्हता. “विचारा हो, सगळेच विचारतात.”

छोट्याच्या कोपराजवळ काळंनिळं झालं होतं. बाईंनी ताईची नजर ओळखली. “न्हाणीघरात पाय घसरला त्यांचा. लगेच फोन केला होता तुम्हाला, पण तुम्ही ऑपरेशनला आत होतात.”

फोन येऊन गेलेला ताईनं नंतर पाहिला होता. म्हणजे खरं होतं. म्हणजे निदान फोन तरी खरा होता.

निघताना छोट्यानं वाकून आपला गाल बाईंच्या गालाला लावला. हे तो फक्त ताईशी करायचा. तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं नुसताच टाक्यांवर हात ठेवला आणि म्हणाली, “चल, बस चुकेल.”

बसथांब्यावर तिसरं कुणी नव्हतं. ताईनं आवाज खाली आणला.

“छोट्या, खरं सांग. तिथं कुणी मारलं तुला?”

“हो.”

“कुणी? त्या बाईंनी?”

“हो.”

“ओरडल्या तुझ्यावर?”

“हो.”

तिला शंका आली. मग म्हणाली, “लाड केले तुझे?”

“हो.”

“आणि चंद्रावर पण जाऊन आलास?”

“हो!” छोट्या खुशीत हसला.

ताईलाही हसू आलं, आणि त्याच झटक्यात डोळे भरून आले. छोट्या तिला नाही म्हणत नसे. हा त्याचा गुण ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

घरी आल्यावर तिनं ताट वाढलं आणि सवयीनं घास त्याच्या तोंडापाशी नेला. छोट्यानं तिचा हात धरला, हळूच खाली ठेवला आणि स्वतः घास उचलला. निम्मा तोंडात गेला, निम्मा सांडला. पुढचा जरा बरा गेला. इतकी वर्षं हे त्याला जमलं असतं का? की तिनंच कधी जमू दिलं नव्हतं? दवाखान्यात शेजारच्या बाईला ती सांगून आली होती, “माझ्यावाचून त्याच्या पोटात घास जात नाही हो.”

“शाबास रे,” ती म्हणाली. आवाज मात्र तिला हवा तसा निघाला नाही.

छोट्यानं सांडलेलं भरभर गोळा केलं. शितन् शीत. ते करताना मधेच मान वळवून दाराकडे पाहिलं.

“कोण आहे रे तिकडे?” ताईनं विचारलं. दारात कुणीच नव्हतं. त्याला कुणाची भीती वाटत होती, की कुणीतरी येऊन बघावं असं वाटत होतं, तिला काही केल्या उमगेना. उद्या बाईंना फोन करावा. फोन करून विचारायचं काय? आणि डॉक्टर तर म्हणाले होते, कदाचित पुन्हा दाखल व्हावं लागेल.

ती ताटं विसळून बाहेर आली, तेव्हा छोट्या पलंगाच्या कडेला ताठ बसला होता. केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला, पायांत बूट, मांडीवर कपड्यांची पिशवी.

“ताई,” तो म्हणाला, “इथून मला न्यायला कोण येणार?”