लवकर आटोपलं

दुपार व्हायच्या आतच डॉक्टर ऑपरेशन थिएटरबाहेर आले आणि ताईचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळ होईल, असं म्हणाले होते. धाकट्या भावाच्या पोटातली गाठ रोबोटच्या हातांनी काढणार, हे ऐकल्यापासून ती धुसफुसत होती. आता मात्र तिने बाकावरच्या शेजारणीला कोपराने ढोसलं.

"बघा! माणसापेक्षा यंत्र बरं. चहा नको, गप्पा नकोत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला जिन्याजवळ नेलं.

"आधी आम्ही कॅमेरा घालून पाहतो. आजार पोटभर पसरलाय, यकृतावरसुद्धा. स्कॅनमध्ये इतकं बारीक दिसत नाही. रोबोट चालवायची वेळच आली नाही."

"म्हणजे गाठ काढली नाही?"

"काढून उपयोग नव्हता."

"मग फाडा की!" ताईचा आवाज चढला. "माझं पोट नाही का फाडलं होतं वरपासून खालपर्यंत? धडधाकट उभी आहे ना तुमच्यापुढे? त्यालाही तसंच फाडा!"

भांडता भांडता तिचं अवसान गळालं. उद्या मीच तुमच्या भावाला नीट सांगेन, एवढंच डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी भाऊ चांगला शुद्धीवर आला. चादर वर करून पोटावरच्या चार चिकटपट्ट्या त्याने पाहिल्या आणि गडी खूश झाला.

"एवढंच? तुझ्या पोटावर तर अख्खा हमरस्ता आहे गं! मला नुसती मुंगी चावली."

ताई हसली. कशी हसली, तिचं तिलाच ठाऊक.

"आठवड्यात दुकान उघडतो बघ. आणि ऐक, पोरीला कळवू नकोस. बिनआईची पोर, उगाच घाबरेल. वसतिगृहातून धावत येईल आणि वर्ष बुडवून बसेल. परीक्षा तोंडावर आलीय तिची."

बरं म्हणायचं, एवढंच ताईला करायचं होतं. तिने तसं ठरवलंही होतं.

"परीक्षा पुढच्या वर्षी देईल रे," ती म्हणाली. "तिला येऊ दे."

हातातली चादर भावाने हळूच गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"बरं," तो म्हणाला. "पण फोन मी करतो. तू रडशील."